गृहपाठाला बसलेली धास्ती

आईवडील मुलाचा अभ्यास घ्यायला बसले की त्याचं गणित सुधारतं, असं आपण धरूनच चालतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या ४३८ मुलांचा वर्षभर मागोवा घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष वेगळंच सांगतात. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठ घ्यायला बसत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. वर धास्तीही घेऊन बसली. जिथे असेच पालक क्वचित मदत करत, तिथे हा परिणाम दिसला नाही.

कच्च्या मुलालाच जास्त मदत लागते, मग पालकांना दोष कशाला, असं कुणी म्हणेल. पण संशोधकांनी मुलांची सुरुवातीची पातळी हिशेबात धरली होती, आणि वाचनाच्या बाबतीत असं काही आढळलं नाही. मग घरी घडत काय असावं? मूल ८ आणि ५ मिळवताना ५ मधले २ उचलून आधी १० करतं. आपण मात्र ‘हे कुठलं नवीन? बोटं मोज!’ म्हणून वही ओढतो. मग लांबच राहावं का? मुळीच नाही. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पालकांनी मुलांबरोबर टॅब्लेटवर गोष्टींतली गणितं सोडवली. सर्वाधिक फायदा झाला तो धास्तावलेल्या पालकांच्याच मुलांना. तेव्हा उत्तर तपासण्याआधी ‘हे तू कसं केलंस?’ एवढं विचारा, आणि ते पूर्ण ऐकून घ्या.