उंबरठे वाढले, प्रश्नपत्रिका तीच

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेले आकडे एका रात्रीत जुने झाले. खुनाच्या शिक्षेचे ३०२ गेले, तिथे १०३ आले. फसवणुकीचे ४२०, ज्याने मराठीला एक विशेषणच बहाल केले होते, ते ३१८ च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसले. दंड संहितेची ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ उरली. फौजदारी प्रक्रियेची ४८४ होती ती ५३१ झाली. बाजारात लगेच दोन रकान्यांचे तक्ते आले, डावीकडे जुना आकडा, उजवीकडे नवा, आणि विद्यार्थी ते पाठ करू लागले. जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालणार, तेव्हा दोन्ही आकडे माहीत हवेत हेही खरेच. पण सदोष मनुष्यवध कुठे संपतो आणि खून कुठे सुरू होतो हे ज्याला उमगले होते, त्याचे या उलथापालथीत काहीच बिघडले नाही. २९९ आणि ३०० मधले ते भेद आता १०० आणि १०१ मध्ये जवळजवळ जसेच्या तसे आहेत. नुकसान झाले ते फक्त आकड्यांच्या भांडवलावर परीक्षा देणाऱ्याचे. आणि आपल्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षे त्याच भांडवलाला गुण दिले आहेत. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमापासून आजवर कायद्याच्या शिक्षणात सुधारणा म्हणून जे जे झाले, त्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते: जवळपास प्रत्येक सुधारणेने आत येण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर आणखी एक उंबरठा घातला, आणि मधली, पदवीची प्रश्नपत्रिका जिथल्या तिथे राहिली.

ही प्रश्नपत्रिका कोणत्या काळासाठी घडली ते आधी पाहायला हवे. मुंबईत कायद्याचे अध्यापन १८५५ पासून सुरू आहे, विद्यापीठ १८५७ चे; न्यायमूर्ती रानडे १८६६ मध्ये एलएल.बी. झाले, टिळक १८७९ मध्ये. त्या काळी पदवी ही वकिलीची एकमेव वाट नव्हती. उच्च न्यायालयाच्या आणि जिल्हा प्लीडरच्या वेगळ्या परीक्षा होत्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात खुद्द टिळक पुण्यात त्यांच्यासाठी लॉ क्लास चालवत होते. म्हणजे खासगी क्लास ही काही आजची विकृती नाही. पण तेव्हा परीक्षा पास झालेला माणूस एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बसायचा, कागद नकलून काढायचा, कोर्टात त्याच्या मागे उभा राहायचा आणि धंदा तिथे शिकायचा. परीक्षेने फक्त एवढेच पाहायचे होते की माणसाने पुस्तक वाचले आहे का. पुस्तकेही दुर्मीळ, निकाल त्याहून दुर्मीळ. ज्याच्या डोक्यात कायदा साठवलेला, तो चालता-बोलता ग्रंथसंग्रह. अशा काळात स्मरणशक्ती तपासणारी प्रश्नपत्रिका काढणे शहाणपणाचेच होते. पुढे महाविद्यालये वाढली, वर्ग फुगले, हाताखाली बसवून घेणारे ज्येष्ठ पुरेनासे झाले, आणि परीक्षेवर असा भार आला जो पेलण्यासाठी ती कधी बेतलेलीच नव्हती. मुंबईत सी. जमनादास या प्रकाशकाने काढलेल्या झाबवालांच्या पातळ गाईड-पुस्तकांनी कित्येक पिढ्या तारल्या. त्या पुस्तकांना नाके मुरडणारे बरेच भेटतात. मला त्यांचा दोष दिसत नाही. प्रश्नपत्रिका जे मागत होती तेच त्यांनी नेमके, स्वस्तात आणि बिनचूक पुरवले.

सनदेच्या वाटेवर काय झाले ते पाहिले तर करमणूक होते. अधिवक्ता अधिनियमात मुळात सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा, दोन्हींची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पदवी हाती आली की सनद. वीसएक वर्षांत दर्जा ढासळल्याची ओरड इतकी वाढली की बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण परत आणले. १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण संसदेने काढून टाकलेली अट कौन्सिलला नियमांच्या आडून परत आणता येत नाही. २०१० मध्ये कौन्सिलने अखिल भारतीय बार परीक्षा जाहीर केली, पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली, आणि तिच्या वैधतेचा वाद थेट घटनापीठापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बॉनी फॉय लॉ कॉलेजच्या प्रकरणात घटनापीठाने परीक्षा वैध ठरवली आणि सुदीरचा निकाल बरोबर नव्हता असेही सांगितले. पन्नास वर्षांत गाडी निघाली तिथेच परत आली. एवढ्या खटाटोपातून हाती आलेली परीक्षा कशी आहे? शंभर बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत, सुरुवातीला पुस्तके उघडून लिहिण्याची मुभा. २०२१ पासून मुभा फक्त टिपणे नसलेल्या बेअर ॲक्टची, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुराची. वकिलाला रोज जे करावे लागते, म्हणजे अशिलाच्या विस्कळीत हकिकतीतून कायद्याचा मुद्दा वेगळा काढणे आणि तो चार परिच्छेदांत मांडणे, ते या परीक्षेत एकदाही करावे लागत नाही.

प्रवेशाच्या दारातली कथा याहून बोलकी आहे. २००८ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. २०१६ पर्यंत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळे. त्या वर्षी राज्याची विधी सीईटी आली. दोन्हींत कायद्याच्या तर्काचा स्वतंत्र विभाग होता. एक तत्त्व द्यायचे, एक काल्पनिक प्रसंग द्यायचा, आणि तत्त्व प्रसंगाला लावले तर काय निष्पन्न होते ते विचारायचे. २०२० मध्ये क्लॅटने आणखी एक पाऊल टाकले: प्रश्न दीडशेवर आणले आणि जवळपास सगळेच उताऱ्यांवर बेतले, नंतर ते एकशेवीसवर आणले. पाठांतराला वाव कमी करायचा हा हेतू उघड होता. आता गंमत पाहा. कायद्याचा एकही तास न बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला आपण नियम वस्तुस्थितीला लावायला सांगतो. ती पास होते, आत येते, आणि पुढची पाच वर्षे तिला विचारले जाते: वैध कराराचे आवश्यक घटक सांगा, फरक स्पष्ट करा, टीपा लिहा, कोणत्याही चार. दारात तर्क तपासायचा आणि घरात पाठांतर, असा हा उलटा क्रम आहे.

'आत' म्हणजे नेमके काय, तेही नीट पाहू. आपल्या बहुतेक विद्यापीठांच्या पत्रिकेत दोन ओळींची उत्तरे, टीपा, एक-दोन प्रसंगाधारित प्रश्न आणि दीर्घोत्तरे असतात. प्रसंगाच्या प्रश्नांना गुण थोडे, दीर्घोत्तरांना बहुतांश. आणि दीर्घोत्तर म्हणजे गाईडमधले प्रकरण जितके आठवेल तितके. नानावटी खटल्याचे उदाहरण घेऊ, कारण तो मुंबईचा आहे आणि दरवर्षी विचारला जातो. 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ' यावर टीप लिहा म्हटले की विद्यार्थी नौदल अधिकारी, पत्नी, तिचा मित्र आणि रिव्हॉल्व्हर यांची गोष्ट सांगतो, १९६१ चा निकाल लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. निकालाचा कणा मात्र वेळ हा होता. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले, एवढ्यात माणूस भानावर येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे. मग प्रश्न असा विचारता येईल: शस्त्र घरातच असते आणि दहा मिनिटांत सगळे घडले असते तर? वाटेत तो कुणाशी शांतपणे कामाचे बोलला असता तर? याचे उत्तर गाईडमध्ये नसते, आणि ज्याने निकाल समजून घेतला आहे त्याला गाईड लागतही नाही. अशी पत्रिका काढायला परीक्षकाला एक संध्याकाळ जास्त द्यावी लागेल, एवढाच खर्च.

मधल्या काळात आतही काही घडलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी वीस अनिवार्य विषयांसोबत चार व्यावहारिक पेपर सक्तीचे केले: मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण, आणि मूट कोर्ट व इंटर्नशिप. कल्पना उत्तम होती. जिथे शिक्षकांनी मनावर घेतले तिथे त्यांतून मुले घडली. बाकी ठिकाणी जर्नल एकमेकांची पाहून उतरवली जातात आणि व्हायवा पाच मिनिटांत उरकतो, हे गुपित नाही. परीक्षेच्या यंत्रणेतही बदल झाले, पण ते तपासण्याच्या पद्धतीत. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोनमहिने रखडले, विधीचे विद्यार्थी सर्वाधिक अडकलेल्यांत होते आणि अखेर कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या गदारोळात उत्तरे कशी तपासली जातात यावर भरपूर लिहिले गेले. प्रश्न कसे विचारले जातात यावर फारसे नाही. महामारीतही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० ला अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही असे ठरवले, आणि परीक्षा घरी बसून द्यायच्या झाल्या. पुस्तक शेजारी उघडे असणार हे सर्वांना ठाऊक होते. पुस्तक उघडे असतानाही विचार करायला लावील असा प्रश्न काढण्याची ती सोन्यासारखी संधी होती. विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्न काढले आणि वेळ मारून नेली.

या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला जुन्या वकिलांचा: कोर्टात उभे राहिल्यावर न्यायाधीश पुस्तक शोधायला वेळ देत नाहीत, कलम ओठांवरच हवे. मान्य. पण कलम ओठांवर येते ते वापरून. तीन तासांच्या पेपरासाठी घोकलेले कलम निकालाआधीच विसरले जाते. शिवाय कोर्टात बेअर ॲक्ट हातात असतो आणि बार परीक्षेतही तो चालतो. विद्यापीठाच्या परीक्षागृहात मात्र तो सर्वसाधारणपणे कॉपी ठरतो. हा विरोधाभास कुणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन. दुसरा आक्षेप परीक्षा विभागांचा: हजारो उत्तरपत्रिका, अपुरे शिक्षक, तपासायला मिळणारे तुटपुंजे मानधन, प्रसंगाच्या प्रश्नात प्रत्येक परीक्षक वेगळे गुण देईल. हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, पण तो दोन्हीकडे कापतो. पानांच्या संख्येवर दिलेले गुण तरी कुठे एकसारखे असतात? प्रसंगाच्या प्रश्नाला निदान असे म्हणता येते की मुद्दा ओळखला याला इतके, नियम सांगितला याला इतके, नियम लावून निष्कर्ष काढला याला इतके. असा आराखडा पत्रिकेबरोबरच ठरवून परीक्षेनंतर जाहीर केला तर पुनर्मूल्यांकनाचे निम्मे वाद सुरूच होणार नाहीत. आणि अशी उत्तरे चार पुरवण्यांची नसतात, दोन पानांत संपतात.

तिसऱ्या आक्षेपाला अधिक सावकाशीने उत्तर द्यायला हवे. ग्रामीण, मराठी माध्यमातल्या, घरातला पहिलाच पदवीधर असणाऱ्या विद्यार्थ्याला गाईड हाच आधार असतो; पत्रिका बदलली तर इंग्रजी शाळांतली मुले पुढे जातील आणि हा मागे पडेल. चिंता खरी आहे, पण निदान चुकले आहे. गाईडमधले दीर्घोत्तर म्हणजे तयार भाषा, आणि तयार भाषा पेलण्यात इंग्रजी माध्यमवालाच आज पुढे आहे. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत उत्तरे मराठीत लिहिता येतात. बांधाच्या वादाचा, सातबाऱ्यावरल्या चुकीच्या नोंदीचा, वडिलोपार्जित जमीन एकट्या भावाने विकल्याचा प्रसंग देऊन हक्क कुणाचा असे विचारले, तर लातूर-गडचिरोलीच्या मुलाला वस्तुस्थिती कुणी समजावून द्यावी लागणार नाही. त्याची खरी अडचण वेगळी आहे: मराठीतले दर्जेदार अभ्याससाहित्य तोकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठीत मिळू लागले आहेत. ते वर्गात आणणे हे विद्यापीठांचे काम. दुबळ्या विद्यार्थ्याची ढाल पुढे करून जुनी पत्रिका टिकवायची, यात त्याचे भले काहीच नाही. पाच वर्षांनी तो सनद घेऊन तालुका कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ चार विसरलेल्या टीपा असतात, आणि गाठीला ज्येष्ठ वकिलाची ओळखही नसते.

पदवीच्या परीक्षेवर व्यवस्थेचा स्वतःचा किती विश्वास आहे ते २०२५ मध्ये दिसले. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट २००२ मध्ये काढून टाकली होती, हुशार मुले लवकर न्यायसेवेत यावीत म्हणून. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली, कारण थेट पदवीनंतर आलेल्यांचा अनुभव समाधानकारक नव्हता. पदवी, मग पूर्व आणि मुख्य परीक्षा, मुलाखत, हे सारे पार करून आलेल्यांबद्दलचे हे मत आहे. त्यावरचा उपाय म्हणून पुन्हा एक उंबरठा घातला गेला. तीन वर्षांच्या अनुभवाला माझा विरोध नाही. पण त्या तीन वर्षांत जे शिकावे अशी अपेक्षा आहे, त्यातले निदान निम्मे पदवीच्या पाच वर्षांत परीक्षेने मागायला हवे होते. ते मागण्यासाठी अधिवक्ता अधिनियमात दुरुस्ती नको, घटनापीठ नको, नवी सीईटीही नको. प्रश्नपत्रिकेचे स्वरूप ठरवण्याचा अधिकार प्रत्येक विद्यापीठाच्या शैक्षणिक मंडळांकडे आजही आहे. त्यांनी येत्या सत्रापासून निम्मे गुण प्रसंगाच्या प्रश्नांना द्यावेत आणि परीक्षागृहात बेअर ॲक्ट नेऊ द्यावा.