आवड, हाक आणि पाचारण

बारावीचा निकाल लागला, की ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या मुलामुलींच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात, युवक शिबिरात, रविवारच्या प्रवचनात त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते, की परमेश्वराने प्रत्येकाला काही एका हेतूने घडवले आहे आणि त्या हेतूला साजेशी देणगीही दिली आहे. ऐकताना हे दिलासा देणारे वाटते. पण प्रवेशाचा अर्ज भरायची वेळ आली, की त्याच दिलाशाचे ओझे होते. देवाने माझ्यासाठी नेमके काय योजले आहे? ते मला कळलेच नाही तर? चुकीची शाखा निवडली, तर देवाची योजनाच हुकली असे होईल का? अशा प्रश्नांनी झोप उडालेले तरुण जवळपास प्रत्येक मंडळीत आणि धर्मग्रामात भेटतात.

या साऱ्या प्रश्नांसाठी मराठी ख्रिस्ती परंपरेत एक जुना शब्द आहे, पाचारण. पाचारण म्हणजे बोलावणे. शब्द साधा असला तरी त्यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. बोलावणे म्हटले, की बोलावणारा दुसरा कोणी तरी असतो. स्वतःच्या मनाचा तळ कितीही ढवळला, तरी बाहेरून येणारी हाक त्यात सापडेलच असे नाही. ‘माझी आवड कोणती?’ या प्रश्नापाशीच थांबणाऱ्या तरुणाला बरेचदा उत्तर मिळत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

हाक पहिल्यांदा ओळखू येत नाही

बायबलमधील शमुवेलाची कथा या संदर्भात आवर्जून आठवावी अशी आहे. शिलो येथील मंदिरात निजलेला हा मुलगा रात्री आपल्या नावाची हाक ऐकतो. वृद्ध याजक एली यानेच बोलावले, असे समजून तो धावत त्याच्याकडे जातो. ‘मी बोलावले नाही, जाऊन नीज,’ अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. असे पुन्हा घडते. तिसऱ्यांदा मात्र एलीच्या ध्यानात येते, की मुलाला परमेश्वरच हाक मारतो आहे, आणि कसे उत्तर द्यायचे हे तो त्याला शिकवतो.

या कथेत पुढे संदेष्टा होणाऱ्या मुलालाही हाक ओळखता आली नाही. ती ओळखण्यासाठी दृष्टी मंदावलेल्या एका वृद्धाची गरज लागली. देवाचा आवाज एकट्याला, एकांतात आणि पहिल्याच क्षणी स्पष्ट ऐकू आला पाहिजे, ही आजच्या तरुणाची अपेक्षा या कथेच्या कसोटीवर टिकत नाही. अनुभवी माणसांशी बोलणे हा पाचारण ओळखण्याचाच एक भाग आहे.

दुसरा गैरसमज पाचारणाच्या व्याप्तीविषयीचा आहे. अनेकांच्या मनात आजही पाचारण म्हणजे धर्मगुरू, पाळक किंवा धर्मभगिनी होणे एवढाच अर्थ असतो. मध्ययुगीन युरोपातही तशीच समजूत होती. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी तिला जोरदार धक्का दिला. चांभाराचे, शेतकऱ्याचे, घर सांभाळणाऱ्या आईचे कामही ईश्वराने सोपवलेलेच काम आहे, असे त्यांनी मांडले. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२-६५) प्रापंचिकांच्या पाचारणाला ठळक स्थान दिले. तसे पाहिले तर ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारा पौल स्वतः तंबू तयार करण्याचा व्यवसाय करीत असे. त्याने आपल्या पत्रांतून कृपादानांविषयी लिहिताना शरीराची उपमा दिली. हात, पाय, डोळा, कान यांची कामे वेगळी. पण प्रत्येक अवयव साऱ्या देहासाठी असतो. देणगी माझ्याजवळ असली, तरी ती केवळ माझ्यासाठी नसते, हा त्या उपमेचा गाभा होय.

तीन वेळा वाजलेले दार

तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे नाव देशभर परिचित आहे. त्या संस्थेच्या मुळाशी एका तरुणीचा नकार होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आयडा स्कडर यांचा जन्म १८७० साली राणीपेट येथे अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यात झाला. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर. लहानपणी पाहिलेला दुष्काळ, रोगराई आणि दारिद्र्य यांमुळे या मुलीने मनाशी ठरवले होते, की काही झाले तरी आपण मिशनरी व्हायचे नाही आणि या देशात राहायचे नाही. अमेरिकेत शिकत असताना आई आजारी पडल्याने १८९० मध्ये त्या परत आल्या, त्याही थोड्या दिवसांपुरत्याच.

तिंडिवनम येथे एका रात्री त्यांच्या दारी एक ब्राह्मण गृहस्थ आला. त्याची तरुण पत्नी प्रसूतीत अडली होती. आपले वडील डॉक्टर आहेत, ते येतील, असे आयडाने सांगितले. परपुरुषाने घरातल्या स्त्रीला तपासणे त्याला मान्य नव्हते. त्याला आयडाच हवी होती. तिला तर वैद्यकातले काहीच ठाऊक नव्हते. तो निघून गेला. त्याच रात्री एक मुस्लिम गृहस्थ आणि त्यानंतर आणखी एक हिंदू गृहस्थ तीच विनवणी घेऊन आले आणि तसेच परत गेले. सकाळी चौकशी केली तेव्हा कळले, की तिन्ही स्त्रिया दगावल्या होत्या.

त्या रात्रीनंतर आयडाने वैद्यकीय शिक्षण घेण्याचा निर्णय केला. १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. १९०० साली वेल्लोर येथे एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरुवात झाली, १९०२ मध्ये चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले, १९०९ मध्ये परिचारिकांचे शिक्षण आणि १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. आपण एकटीने किती दारी पोहोचणार, हे ओळखून त्यांनी भारतीय स्त्रियांनाच डॉक्टर करण्याचे व्रत घेतले. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या वेल्लोरच्या होऊन गेलेल्या होत्या.

येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आयडा स्कडर यांना आधी वैद्यकाची ओढ वाटली आणि मग त्यांनी रुग्ण शोधले, असे घडले नाही. आधी दारावर गरज येऊन उभी राहिली. तिने मन अस्वस्थ केले. त्या अस्वस्थतेतून निर्णय झाला. आणि कामाची आवड काम करता करता वाढत गेली. ‘मला कशाची आवड आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर ‘कोणाचे दुःख पाहून मला स्वस्थ बसवत नाही?’ हा प्रश्न विचारून पाहावा. देवाची हाक पुष्कळदा माणसाच्या आवाजात येते.

देणगी आणि जखम

महाराष्ट्राच्या भूमीतही याचे उत्तुंग उदाहरण आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी बालपणी आईवडिलांकडून संस्कृत विद्या मिळवली. दुष्काळाच्या दिवसांत अन्नान्न दशा होऊन आईवडील गेले. बंधू श्रीनिवास यांच्यासह त्यांनी देशभर पायपीट केली. कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्यांनी गौरविले. पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले, आणि लहानग्या मनोरमेसह त्या एकट्या उरल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे स्वदेशात केवढे वादळ उठले, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवा यांना आश्रय देण्यासाठी त्या धावल्या आणि पुण्याजवळील केडगाव येथे ‘मुक्ती’चा विस्तार झाला. भुकेल्या मुलींचे हाल त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाहीत. ते त्यांनी स्वतः भोगलेले होते. आणि बालपणी मिळालेली भाषेची देणगी? ती वाया गेली नाही. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. आयुष्याच्या अखेरपर्यंत हे काम चालू होते.

रमाबाईंच्या जीवनात देणगी आणि जखम या दोन्ही गोष्टी एकाच कार्यात येऊन मिळाल्या. तरुणांनी आपल्या गुणांची यादी करावी, हे ठीकच. पण आपण काय सोसले आहे, याकडेही पाहावे. घरात व्यसनाधीन वडील पाहिलेला मुलगा, फी भरता न आल्याने शाळेत मान खाली घालून बसलेली मुलगी यांना काही गोष्टी इतरांपेक्षा लवकर कळतात. ते कळणेही एक प्रकारचे भांडवल असते. दुःख देवानेच मुद्दाम दिले, असा याचा अर्थ नव्हे. जे वाट्याला आले, त्यातून दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही घडू शकते, एवढाच अर्थ.

मनाची परीक्षा

तरीही प्रश्न उरतोच. मनात दहा विचार येतात. त्यांतला कोणता खरा? या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला यांचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेला हा स्पॅनिश सरदार अंथरुणाला खिळून होता. वेळ घालवण्यासाठी त्याला वीरांच्या अद्भुत कथा हव्या होत्या; घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवी. एकात पराक्रम गाजवून एका उच्चकुलीन स्त्रीचे मन जिंकायचे. दुसऱ्यात संतांप्रमाणे देवाची सेवा करायची. दोन्ही स्वप्ने पाहताना आनंदच होई. हळूहळू त्याला फरक जाणवला. पहिले स्वप्न सरले, की मन कोरडे आणि उदास होई. दुसरे सरल्यावरही प्रसन्नता मागे रेंगाळत असे.

इग्नेशियस यांची पुढची सारी विवेकपद्धती या लहानशा निरीक्षणातून वाढली. विचार येतो तेव्हा तो किती गोड वाटतो, यावर निर्णय करू नये. तो गेल्यावर मागे काय उरते, ते पाहावे. मन खचलेले असताना जुना, विचारपूर्वक केलेला निश्चय मोडू नये, असाही त्यांचा सल्ला आहे. परीक्षेतल्या एका अपयशाने शाखा बदलायला निघालेल्या विद्यार्थ्याला हा सल्ला आजही उपयोगी पडेल. पॅरिसमध्ये इग्नेशियस यांना भेटलेला एक तरुण विद्वत्तेच्या क्षेत्रात नाव कमावण्याची स्वप्ने पाहत होता. मित्राच्या सहवासात त्याच्या आकांक्षेची दिशा बदलली, आणि १५४२ मध्ये तो गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. तोच फ्रान्सिस झेवियर. शमुवेलाला एली भेटला, तसाच झेवियरला इग्नेशियस.

वाट मोडल्यावर

पाचारण एकदा सापडले, की वाट सरळ होते, असेही नाही. केरळातील मेरी वर्गीस ही वेल्लोरची तरुण डॉक्टर. १९५४ मध्ये मोटार अपघातात तिच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. डॉक्टरकी संपली, असेच कोणालाही वाटले असते. तेथील शल्यचिकित्सक पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत असत. हे काम बसून करता येते, हे त्यांनी ओळखले आणि मेरीला प्रोत्साहन दिले. चाकांच्या खुर्चीत बसून तिने कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे अमेरिकेत पुनर्वसन वैद्यकाचे शिक्षण घेऊन तिने वेल्लोर येथे त्या विषयाचा विभाग उभारला. अपंगत्व आलेल्या माणसाला पुन्हा जगायला शिकवणारी डॉक्टर स्वतःच त्या अवस्थेतून गेलेली होती. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

चुकीची शाखा निवडली तर देवाची योजना हुकेल, या भीतीचे उत्तर येथे मिळते. देवाची योजना रेल्वेच्या वेळापत्रकासारखी नसते. एक गाडी चुकली म्हणून प्रवास संपत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचनाही आवश्यक आहे. ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे,’ असे म्हणून कोणी तरुणाचे शिक्षण, विवाह किंवा पैसा यांविषयी परस्पर निर्णय करू लागला, तर तेथे थांबावे. एलीने शमुवेलाला ऐकायला शिकवले. त्याच्या वतीने तो स्वतः ऐकायला गेला नाही. चांगला मार्गदर्शक आणि मनावर ताबा मिळवू पाहणारा माणूस यांतला भेद एवढ्यावरून ओळखता येतो. आईवडिलांनीही आपली अपुरी राहिलेली इच्छा देवाच्या नावाने मुलांवर लादू नये. त्याच वेळी, घरची गरज म्हणून मिळेल ती नोकरी पत्करणाऱ्या मुलाने आपले पाचारण हुकले असे मानू नये. धाकट्या भावंडांचे शिक्षण हेही काही वर्षांचे पाचारण असू शकते.

मग बारावी झालेल्या मुलाने उद्या सकाळी काय करावे? प्रार्थना करावी, हे खरेच. पण त्यासोबत शेजारच्या मुलांना महिनाभर शिकवून पाहावे, रुग्णालयात काही दिवस सेवा करावी, एखाद्या कारागिराच्या हाताखाली उभे राहावे. घरी परतल्यावर मनात काय उरते, ते लिहून ठेवावे. ज्यांनी आपल्याला वाढताना पाहिले आहे, अशा दोन-तीन माणसांना विचारावे, की माझ्या हातून काय चांगले होते? येशूने सांगितलेल्या रुपयांच्या दाखल्यात धन्याने ज्या दासाला दोष दिला, त्याने रुपये उधळले नव्हते की व्यापारात गमावले नव्हते. भीतीपोटी त्याने ते जमिनीत पुरून ठेवले होते.