तीन विधवा आणि एक बाप्तिस्मा

मराठीतली पहिली कादंबरी एका ख्रिस्ती माणसाने लिहिली. तरी आज ख्रिस्ती कादंबरीकार कोण, असे विचारले तर चांगला वाचकही अडखळतो.

बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांत ‘यमुनापर्यटन’ लिहिले. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत विधवांचे हाल ऐकते. केशवपन, अर्धपोटी राहणे, घरच्यांचीच वाईट नजर हे सारे पदमनजी असे सांगतात की आजही अंगावर काटा येतो. पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. इथे मात्र कादंबरीकार उठून जातो आणि उपदेशक येऊन बसतो. पदमनजींच्या बाजूने एवढे म्हणता येईल की धर्मांतराची ती वाट ते स्वतः चालून आले होते.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये पुन्हा एक यमुनाच घेतली. तिचेही केशवपन होते, पण हरिभाऊ तिला सुटकेची वाट देत नाहीत. वाचकाच्या मनात घर करून राहिली ती हीच यमू.

याच सुमारास नगरच्या ख्रिस्ती घरातली कृपाबाई सत्यनाधन मद्रासेत इंग्रजीतून लिहीत होती. ‘सगुणा’त तिने स्वतःच्या ख्रिस्ती घराची गोष्ट सांगितली. ‘कमला’ मात्र अस्सल ब्राह्मणी घरातली. विधवा झालेल्या कमलेला दुसऱ्या लग्नाची मागणी येते आणि ती नकार देते. मिशनच्या संस्कारात वाढलेल्या लेखिकेने नायिकेला ना बाप्तिस्मा दिला, ना नवरा. माझ्या मते हे धाडस पदमनजींपेक्षा मोठे. १८९४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ती गेली.

मराठीत उपदेशाशिवाय सांगण्याची ही ताकद दिसली ती आत्मचरित्रात. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे सोवळे लगेच सुटले नाही. ‘स्मृतिचित्रे’त ती ओढाताण त्या हसत हसत सांगतात आणि कुणालाही पटवून द्यायला जात नाहीत.

कादंबरीकाराला ही मोकळीक सहज मिळत नाही. ख्रिस्ती मंडळीतल्या वाचकाला श्रद्धेची साक्ष हवी असते, बाहेरच्याला प्रचाराचा वास येतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा पुस्तकांआधी त्यांच्या धर्माची चर्चा झाली.

आणि विषयांना काय तोटा? अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. म्हणून कित्येक घरांत कागदावरचा धर्म एक आणि रविवारचा दुसरा. दाखल्यासाठी तहसीलमध्ये उभा राहिलेला बाप, चर्चमध्ये गाणारी मुलगी, दोघांच्या मध्ये आई. या घरात धर्मांतर आजोबांच्या काळीच होऊन गेले आहे. नगर, जालना, वसईच्या तरुण लेखकांनी ही कादंबरी लिहावी, आणि पाळकसाहेबांनी ती छपाईआधी वाचायला मागू नये.