माडीच्या कड्या: मेस्त्रीचा एक दिवस

सकाळी ८ वाजता. एप्रिल महिना, कोकणातलं जुनं घर. माडीवर नुसतं चाललं तरी फडताळातली भांडी वाजतात. "मेस्त्री, आंब्याच्या पेट्या वर ठेवायच्यात. माडी पेलेल ना?" काकी विचारतात. आधी माडी रिकामी करून घेतो.

९ वाजता. खालून दोरी ताणतो. कड्या दहा फूट लांब, ३ बाय ५ इंची, दीड-दीड फुटावर. मधल्या कड्या वाकल्यात, दोन पिळल्यात. मग पटाशीने भिंतीतली टोकं टोचून बघतो, कारण ओल तिथेच मुरते. एका कडीत पटाशी लोण्यात शिरावी तशी शिरते.

१० वाजता. त्या कडीखाली भिंतीला लागून जॅकचा टेका. स्क्रू थोडा फिरवायचा, थांबायचं, परत फिरवायचा. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड घाईने उचललं की तडकतं.

११ वाजता. कड्यांच्या मधे बसवायचे ठोकळे कापायला घेतो. माप कड्यांच्या मध्यावर नाही, भिंतीजवळ घ्यायचं. तिथे गाळा नेमका १५ इंच, मध्यावर कुठे साडेचौदा, कुठे साडेपंधरा. मधलं माप धरलं तर वाकडेपणाच कायम होतो. लाकूड वाळलेलंच हवं. ओलं आकसतं, मग ठोकळा सैल पडून कुरकुरतो.

दुपारी १ वाजता. जेवण.

२ वाजता. हाताखालचा पोरगा विचारतो, "फुलीच्या पट्ट्या का नाही मारायच्या?" पाच इंच उंची आणि पंधरा इंच गाळा, म्हणजे फुली फारच आडवी पडेल. कडीच्या उंचीचे अख्खे ठोकळे बरे. मध्यावर एका ओळीत घालतो. हातोडीच्या दोन टोल्यांत घट्ट बसला तर ठीक, हाताने सरकला तर बाद. मग आधी भोक पाडून दोन्ही टोकांना तिरपे स्क्रू.

४ वाजता. पोरगा वर चालतो. भांडी गप्प. "म्हणजे माडी मजबूत झाली?" काकी.

"ताठ झाली, काकी. एका कडीवर पाऊल पडलं की आता शेजारच्याही भार वाटून घेतात, आणि कडी पिळत नाही. पण पेट्यांनी माडी भरली, तर प्रत्येकीला आपापला भार आहेच. वाटून घ्यायला मोकळी कोण उरणार? तिथे कडीची उंची कामाला येते. पाचाची सहा इंच असती, तर ताठपणा जवळजवळ पावणेदोनपट."

५:३० वाजता. कुजलेल्या टोकावर ठोकळ्याचा इलाज नाही. उद्या त्या कडीला जोडकडी लावून बोल्टने आवळायची, दोन्ही टोकं पक्क्या आधारावर टेकवून. तोवर टेका हलवायचा नाही आणि पेट्या खालीच. नंतरही पेट्या भिंतीलगत रचायच्या, मध्यावर नाही.