एका मुक्या यंत्राचा जीर्णोद्धार

घरांतील निरुपयोगी वस्तु ठेवावी कीं काढून टाकावी, हा प्रश्न प्रत्येक एकत्र कुटुंबांत दर दिवाळीस उपस्थित होतोच. आमच्या घरीं तो गेल्या दिवाळीपूर्वीं जरा जोरानेंच उपस्थित झाला. माळा झाडतांना एक जड, पिंवळट पडलेली, जुन्या दूरदर्शन-संचासारखी दिसणारी पेटी आणि तिच्याबरोबर कळांची एक फळी खालीं आली. सूनबाई म्हणाली, "मामंजी, हा मोडका टी. व्ही. देऊन टाकूं ना?" भंगारवाला दारांत उभाच होता. इतक्यांत माझ्या कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नी आंतून लगबगीनें आल्या व म्हणाल्या, "भाऊजी, ती पेटी द्यायची नाहीं. सासूबाईंच्या ओव्या तींत आहेत."

वाचकहो, त्या पेटींत ओव्या नव्हत्या. तरीही वहिनींचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. तें कसें, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

आमचें घर नाशिकच्या जुन्या भागांत, गोदेपासून हांकेच्या अंतरावर. माझी आई पहांटे जात्यावर बसून ज्या ओव्या म्हणत असे, त्या दादांनीं तिच्या अखेरच्या वर्षांत तिच्याच तोंडून ऐकून एका वहींत उतरून घेतल्या होत्या. सप्टेंबर 2008 च्या पुरांत तळमजल्यावर पाणी शिरलें आणि त्या वहीचा लगदा झाला. परंतु दादांनीं त्यापूर्वींच त्या ओव्या संगणकावर टंकित करून फ्लॉपी तबकड्यांवर ठेविल्या होत्या. माझ्या पुतण्यानें त्या तबकड्यांवरील मजकूर वेळींच आपल्या नव्या संगणकांत उतरून घेतला. मात्र तो उघडला कीं पडद्यावर देवनागरीऐवजीं डोक्यावर टिंबें आणि तिरप्या रेघा असलेलीं परकी रोमन अक्षरें दिसत. मजकूर बिघडला, आईच्या ओव्या गेल्या, अशी सर्वांची समजूत होऊन बसली होती.

ही पेटी म्हणजे काय?

या पेटीला टर्मिनल म्हणतात. तिला संगणक म्हणणें चूक आहे. संगणक दुसरीकडे, कधीं शेजारच्या खोलींत, कधीं दुसऱ्या गांवीं असे. आणि टर्मिनल म्हणजे त्याच्याशीं बोलण्याची खिडकी. पूर्वीं रेल्वेच्या आरक्षण-कचेरींत कारकुनासमोर जो काळा पडदा व त्यावर हिरवीं अक्षरें दिसत, तें टर्मिनलच होय. आरंभीं तर पडदाही नसे. 1963 सालीं निघालेलें टेलिटाईप कंपनीचें 33 क्रमांकाचें यंत्र कागदावर सेकंदास दहा अक्षरें खडखडाट करीत उमटवी. पुढें 1978 सालीं डिजिटल इक्विप्मेंट कंपनीनें व्हीटी-100 हें पडद्याचें टर्मिनल काढलें. त्याच्या पडद्यावर 24 ओळी व प्रत्येक ओळींत 80 अक्षरें मावत. त्यानें घालून दिलेले संकेत आजचे संगणकही मानतात.

हीं यंत्रें रोमन लिपीचीं. त्यांना देवनागरी शिकविण्याचें श्रेय मुख्यतः कानपूरच्या आय. आय. टी. कडे जातें. प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींच्या तेथील खटपटींतून 1983 सालीं दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनांत देवनागरी संगणकाचा नमुना दाखविण्यांत आला. 1988 सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व 'जिस्ट' या नांवानें तें काम तेथें वाढीस लागलें. भारतीय लिपी दाखविणारीं टर्मिनलें त्या कार्यांतूनच पुढें आलीं. दादा ज्या कचेरींत होते तेथें अशीं टर्मिनलें होतीं. तीं मोडींत निघालीं तेव्हां त्यांनीं एक लिलावांत विकत घेतलें आणि घरच्या संगणकास जोडून वापरलें.

माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उरलेलें आयुष्य संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेलें. तरीही या टर्मिनलची फळी पाहून मला परमानंद झाला. डाव्या हाताखालीं स्वर आणि उजव्या हाताखालीं व्यंजनें! क ज्या कळेवर, त्याच कळेवर वरच्या अंगास ख. ग बरोबर घ, त बरोबर थ, प बरोबर फ. म्हणजे अल्पप्राण साध्या दाबानें आणि महाप्राण शिफ्टची कळ दाबून. स्वराचेंही तसेंच: साध्या दाबानें मात्रा, शिफ्टनें पूर्ण स्वर. आमच्या शिक्षाकारांनीं केलेलें वर्णांचें वर्गीकरण या फळीवर जसेंच्या तसें उतरलें आहे. जुन्या मराठी टंकलेखन-यंत्रावर 'कि' लिहितांना ऱ्हस्व वेलांटी आधीं उमटवावी लागे. येथें उच्चाराप्रमाणें क आधीं व वेलांटी मागून टंकावी, ती योग्य जागीं मांडण्याचें काम यंत्र स्वतः करतें. ही रचना 1986 सालीं 'इन्स्क्रिप्ट' या नांवानें प्रमाण ठरली.

दुरुस्तीस आरंभ

माझा पुतण्या अंबडच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. त्याला विद्युद्विद्येची उत्तम जाण. तरीही त्यानें एकट्यानें पेटी उघडली नाहीं. भद्रकालींत जन्मभर टी. व्ही. दुरुस्त केलेले एक वृद्ध कारागीर आमच्या परिचयाचे आहेत. त्यांना त्यानें बोलावून आणलें. आल्याबरोबर त्यांनीं मला बजावलें, "मास्तर, पोरांना लांब बसवा, आणि तुम्ही एक हात पाठीमागें ठेवा."

याचें कारण प्रत्येक गृहस्थानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अशा पेटींतील पिक्चर ट्यूबला दहा-बारा हजार व्होल्टपर्यंत दाब लागतो, आणि पेटीची वायर काढून ठेविली तरी तो भार ट्यूबमध्यें बराच काळ टिकून राहूं शकतो. दोन्ही हात आंत असले तर धक्का एका हातांतून दुसऱ्या हाताकडे जातांना हृदयावरून जातो. म्हणून त्यांनीं जाड मुठीच्या पेंचकसाला तार बांधून तिचें दुसरें टोंक पेटीच्या धातूच्या सांगाड्यास जोडलें व ट्यूबच्या रबरी टोपीखालीं पेंचकसाचें अग्र सरकविलें. 'चट्' असा बारीक आवाज झाला. "वर्षें झालीं, त्यामुळें फारसा उरला नव्हता, पण विश्वास कशाला ठेवायचा?" असें ते म्हणाले. ज्याला हें काम ठाऊक नाहीं त्यानें अशी पेटी मुळींच उघडूं नये, हें माझें सांगणें.

आंत बोटभर धूळ होती. वीजदाबामुळें ती यंत्राकडे ओढली जाते. ती मऊ कुंचल्यानें काढल्यावर वीजपुरवठ्याच्या पट्टींतील तीन कंडेन्सर माथ्याशीं फुगलेले दिसले. या लहान डब्यांत ओलसर द्रव्य असतें, आणि वीस-तीस वर्षांत तें सुकतें. दोष निर्मात्याचा नव्हे, वयाचा. तेवढ्याच क्षमतेचे, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे नवे कंडेन्सर, धन-ऋण टोकें नीट पाहून बसविले. पडद्याच्या कांठाशीं पांढुरके डाग होते. कांचेचे दोन थर चिकटविणारें द्रव्य कालांतरानें खराब होतें, त्याचे ते डाग; विलायतेंतील हौशी लोक त्याला मोतीबिंदूच म्हणतात. माझे दोन्ही मोतीबिंदू काढून झालेले असल्यानें मला सहानुभूति वाटली. पण वाचण्यास अडथळा नव्हता, म्हणून त्यांना हात लावला नाहीं.

मग वीज देण्याची वेळ आली. ती सरळ दिली नाहीं. वाटेंत शंभर वॉटचा साधा दिवा जोडला. आंत कोठें तारा भिडल्या असतील तर दिवा भरपूर पेटतो व यंत्र वांचतें. सर्व ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा दिवा मंद झाला. ट्यूबच्या मानेंत नारिंगी तेज दिसूं लागलें, आणि पडद्यावर उमटली एक लखलखीत आडवी रेघ. बस्स, तेवढेंच.

पुतण्याचें तोंड उतरलें; कारागीर मात्र प्रसन्न झाले. त्यांनीं लगेच पडद्याचें तेज कमी केलें, कारण एकाच जागीं पडलेला किरण आंतला लेप जाळतो. मग त्यांनीं जें सांगितलें तें न्यायशास्त्रांतील धुरावरून अग्नीच्या अनुमानासारखें होतें. किरणाला आडवा फिरविणारें एक मंडळ व उभा फिरविणारें दुसरें. रेघ आडवी पसरली आहे, अर्थात् पहिलें मंडळ चालू आहे. मोठा दाब त्याच मंडळांतून मिळतो, म्हणून तोही ठीक. ट्यूब जिवंत आहे. दोष फक्त उभ्या मंडळांत. वीज बंद करून, पुन्हां भार उतरवून त्यांनीं भिंगानें पट्टी पाहिली. एका जोडाभोंवतीं केंसाएवढी गोल भेग होती. तेथें नवा कथलाचा डाख दिला. पुन्हां वीज दिली तेव्हां पडदा पूर्ण उघडला व कोपऱ्यांत एक चौकोनी ठिपका उघडझांप करूं लागला. मुलांनीं टाळ्या पिटल्या.

'ओ, झेड, एल'

परंतु कळ दाबली तर अक्षर उमटेना. फळी मेली असें आम्हांस वाटलें. येथें पुतण्यानें एक मर्म सांगितलें: "काका, टर्मिनल आपण दाबलेलें अक्षर सहसा स्वतः दाखवीत नाहीं. तें संगणकाकडे धाडतें, आणि संगणकानें परत धाडलें तरच दाखवितें." समोर कोणी नसल्यामुळें तें मुकें होतें. त्यानें मागील पंचवीस पिनांच्या जोडणींतील 2 व 3 या पिना तारेनें एकमेकींस जोडल्या. यंत्राचें बोलणें त्याच्याच कानीं पडूं लागलें, आणि दाबलेलें प्रत्येक अक्षर पडद्यावर आलें.

मग त्यानें आपला नवा संगणक जोडला व दादांचा तो 'बिघडलेला' मजकूर टर्मिनलकडे सोडला. पहिल्या ओळीच्या आरंभीं आलें 'ओ, झेड, एल'. पुढेंही तसलाच रोमन गोंधळ. वहिनी मुकाट्यानें उठून स्वयंपाकघरांत गेल्या.

मला राहवेना. संगणकाला अक्षर म्हणजे शेवटीं एक अंक, हें मी जाणत होतों. मीं पुतण्यास त्या पहिल्या तीन अक्षरांचे मूळ अंक विचारले. तो म्हणाला, 207, 218, 204. पडद्यावर आलेल्या ओ, झेड, एल यांचे अंक 79, 90, 76. मीं पाटीवर वजाबाकी केली: तिन्ही ठिकाणीं बरोबर 128 ची तूट! हा योगायोग असणें शक्य नव्हतें. पुतण्यानें कपाळावर हात मारला. सात 'बिट' म्हणजे हो-नाहींच्या सात खुणा, त्यांत 128 अंक मावतात. आठ असतील तर 256. रोमन अक्षरें पहिल्या अर्ध्यांत बसतात, आणि 'इस्की' नांवाच्या भारतीय प्रमाणांत, जें 1991 सालीं मानक संस्थेनें प्रसिद्ध केलें, आपले वर्ण दुसऱ्या अर्ध्यांत. टर्मिनलची मांडणी स्मरणांत ठेवणारी बॅटरी केव्हांच संपली होती. सुदैवानें ती गळली नव्हती, पण यंत्र विसरून मूळच्या सात बिटांवर गेलें होतें. आठवी खूण तें टाकून देत होतें, आणि त्या एका खुणेंत सारी देवनागरी होती.

मांडणी आठ बिटांची केली. मजकूर पुन्हां सोडला. पडद्यावर पहिला शब्द उमटला: राम.

मीं वहिनींना हांक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि उभ्यानेंच वाचूं लागल्या. सुमारें दीडशें ओव्या निघाल्या. एके ठिकाणीं दोनच चरण होते व खालीं दादांनीं टीप लिहिली होती: 'येथें आई थांबली. पुढचें तिला आठवेना.' वहिनी म्हणाल्या, "मला येतं पुढचं. त्यांनीं विचारलं असतं तर सांगितलं नसतं का!" आणि त्यांनीं उरलेले दोन चरण तेथेंच म्हटले.

खरें सांगावयाचें तर, मजकूर कोणत्या संकेतांत आहे हें ठाऊक असतें तर टर्मिनलवांचूनही तो एखाद्या रूपांतर-प्रणालीनें वाचतां आला असता. पण तें आम्हांस ठाऊक नव्हतें. या जुन्या पेटीनें तें सांगितलें. पुतण्यानें त्याच रात्रीं सर्व मजकूर आजच्या युनिकोड संकेतांत आणला, ज्यांत 'र' चा अंक 2352 आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही 'इस्की'च्या पूर्वींच्या आवृत्तीवरच बेतलेली आहे, म्हणून हें काम सोपें गेलें.

या प्रकरणावरून मला एवढेंच सुचवावयाचें आहे. आपल्या घरींही जुन्या फ्लॉपी, ध्वनिफिती, चकत्या असतील. त्या आजच बाहेर काढा. कोणत्या यंत्रावर व कोणत्या पद्धतीनें त्या लिहिल्या, हें घरांत कोणास आठवत असेल तर तें कागदावर लिहून त्यांच्याबरोबर ठेवा. दादांनीं 'आठ बिट, इस्की' एवढे तीन शब्द तबकडीवर लिहिले असते तर आम्ही इतकीं वर्षें त्या ओव्या मेल्या असें समजून बसलों नसतों. आणि वाचणारें यंत्र मोडलें असेल तर भंगारवाल्यापूर्वीं एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा.

आमच्या पेटीला आतां माझ्या खोलींत जागा मिळाली आहे. ओव्यांच्या छापील प्रति सर्व नातलगांकडे गेल्या. वहिनींनीं मात्र रविवार कारंजावरून एक जाड वही मागविली असून रोज दुपारीं पांच ओव्या त्या शाईनें उतरून काढतात. अपुऱ्या राहिलेल्या ओवीचे दोन चरण त्यांनीं सर्वांआधीं लिहिले.