दार न उघडणाऱ्यांचा हिशेब

मनोविकारांच्या प्रमाणाचा आकडा छापून आला की पहिली शंका ठरलेली असते: एवढ्या थोड्या माणसांना विचारून देशाचं चित्र कसं कळणार? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात 12 राज्यांतल्या 34,802 प्रौढांच्या मुलाखती झाल्या आणि त्या वेळी मनोविकार असलेल्यांचं प्रमाण 10.6 टक्के निघालं. सव्वाशे कोटींहून जास्त लोकांच्या देशात पस्तीस हजार म्हणजे काहीच नाही, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते चूक आहे. माणसं योग्य रीतीने निवडली असतील, तर अंदाज किती नेमका येईल हे देशाच्या लोकसंख्येवर जवळजवळ अवलंबून नसतं. उलट, मोठा आकडाच सपशेल फसवू शकतो. अमेरिकेत 1936 साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि साप्ताहिकाने लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं जिंकली. मतपत्रिका कोणाला गेल्या आणि त्यातल्या कोणी भरून पाठवल्या, घोळ इथेच होता.

मग सगळ्यांनाच विचारलं तर? तेही आपल्याकडे झालं आहे. 2011च्या जनगणनेत घरोघरी अपंगत्वाचा प्रश्न विचारला गेला, त्यात 'मानसिक आजार' असा वेगळा गट होता. देशभरात नोंद झाली सुमारे 7 लाख 22 हजारांची, म्हणजे लोकसंख्येच्या 0.06 टक्के. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत हे मान्य. जनगणना अपंगत्व विचारत होती, सर्वेक्षण आजार. तरीही इतकी दरी नुसत्या व्याख्येने भरून निघत नाही. जनगणनेत घरातला एक जण बहुधा सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो, आणि सुनेला किंवा मुलाला मनाचा आजार आहे हे दारात उभ्या असलेल्या शासकीय प्रगणकाला सांगायला किती घरं तयार होतील? सर्वेक्षणात मात्र प्रशिक्षित माणूस ज्याच्या-त्याच्याशी बोलतो आणि ठरलेल्या क्रमाने लक्षणं विचारतो.

खरी मेख पुढे आहे. जे भेटलेच नाहीत किंवा भेटूनही नाही म्हणाले, ते भेटलेल्यांसारखेच असणार, कामात असतील, कंटाळा आला असेल, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. तो तपासायचा तर न आलेल्यांचं पुढे काय झालं हे ठाऊक हवं, आणि नॉर्वेसारख्या देशात सरकारी नोंदींमुळे ते कळतं. तिथल्या होर्डालान जिल्ह्यात 1997 ते 1999 दरम्यान झालेल्या आरोग्य पाहणीत बोलावलेल्यांपैकी साधारण 63 टक्के आले. आजारपणामुळे काम सुटून पेन्शन घ्यावी लागण्याचं प्रमाण पुढच्या वर्षांत न आलेल्यांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळलं, आणि पेन्शनचं कारण मनोविकार असेल तिथे ही तफावत आणखी ठळक होती. उत्तर फिनलंडमध्ये 1966 साली जन्मलेल्यांच्या दीर्घ अभ्यासातही मनोविकाराची नोंद असलेल्यांचा सहभाग इतरांपेक्षा कमीच भरला. ज्याला अंथरुणातून उठणं जड जातं, तो तपासणी केंद्रापर्यंत कसा जाईल?

यावर उलट टोकाची प्रतिक्रिया येते: प्रतिसाद कमी म्हणजे पाहणी रद्दी. तेही खरं नाही. चूक दोन गोष्टींवर ठरते: किती सुटले आणि सुटलेले किती वेगळे होते. समजा शंभरातल्या वीस जणांनी उत्तर दिलं नाही आणि त्यांच्यात आजाराचं प्रमाण इतरांच्या दुप्पट आहे, तर 10.6चा खरा आकडा साडेबाराच्या थोडा वर जाईल. चाळीस सुटले तर पंधराच्या जवळ. निम्हान्सच्या पाहणीत घरांचा प्रतिसाद सुमारे 92 टक्के आणि व्यक्तींचा 88 टक्के होता, त्यामुळे या कारणाने तिथे फार मोठी चूक शिरली असण्याची शक्यता कमी. वय, लिंग, शहर-गाव यांचा भार देऊन आकडा दुरुस्त करता येतो, असंही संख्याशास्त्राचे जाणकार सांगतात. येतो, पण अर्धवट. पस्तिशीतल्या नैराश्यग्रस्त माणसाच्या जागी पस्तिशीतला धडधाकट माणूस मोजून वयाचं गणित तेवढं जुळतं.

शिवाय चूक नेहमी एकाच दिशेने होते असंही नाही. समाजमाध्यमांवर फिरणारा 'तुम्ही तणावात आहात का?' असा फॉर्म तणावातली माणसंच जास्त भरण्याची शक्यता असते. तिथे प्रमाण फुगतं. प्रश्नावलीही फुगवते. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-9 या चाळणीत 10 किंवा अधिक गुण म्हणजे नैराश्य, असं धरून बातम्या दिल्या जातात. पण 44 अभ्यासांच्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात या पद्धतीने 24.6 टक्के निघाले आणि त्याच माणसांच्या सविस्तर निदान-मुलाखतीत 12.1 टक्के. चाळणीचं काम पुढे कोणाला तपासायचं ते दाखवण्याचं. तिच्यावरून प्रमाण ठरवणं म्हणजे तिच्याकडून भलतंच काम करून घेणं.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. निम्हान्सच्या त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे 10.6ला राज्याच्या लोकसंख्येने गुणून काढलेला आकडा हा अंदाजावरचा अंदाज आहे. घरोघरच्या पाहणीत मनोरुग्णालयांत, तुरुंगात किंवा पदपथावर राहणारी माणसंही येत नाहीत. आणि तरीही त्याच पाहणीत निरनिराळ्या आजारांसाठी 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचं दिसलं. सहभागातली त्रुटी गृहीत धरून प्रमाण दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे झालं, तरी त्या निष्कर्षाला धक्का लागत नाही. दार न उघडणाऱ्यांतले किती जण उपचार घेत असतील, हे लक्षात घेतलं तर तो सौम्यही असू शकतो.