शॉर्टवेव्ह रेडिओला अँप्लिफायर लावला की आवाज नाही, खरखरच का वाढते?

१९५२ चं साल. बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. मग गाण्यांच्या शौकिनांनी रेडिओचा काटा फिरवला आणि थेट रेडिओ सिलोन गाठलं. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' शॉर्टवेव्हवरून घराघरात पोहोचली. कोलंबो ते मुंबई हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. तरीही खिडकीबाहेर टाकलेल्या तारेच्या एका तुकड्यावर गाणी ऐकू यायची.

आज शॉर्टवेव्हवरची स्टेशनं कमी झालीत. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. पण शौकीन संपलेले नाहीत. कुणी आजोबांचा रेडिओ दुरुस्त करतं, तर कुणी लॅपटॉपला डाँगल जोडून हॅम रेडिओवाल्यांच्या गप्पा ऐकतं. आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, ती म्हणजे खरखर.

मग ऑनलाइन शोधाशोध होते आणि 'लो-नॉइज अँप्लिफायर' नावाची काडेपेटीएवढी डबी सापडते. ती मागवली जाते, जोडली जाते. सिग्नलचा काटा टुणकन वर उडी मारतो, पण बोलणं काही स्पष्ट होत नाही. उलट खरखर वाढते. असं का होतं?

लो-नॉइज अँप्लिफायर म्हणजे नेमकं काय?

कोणतंही इलेक्ट्रॉनिक सर्किट स्वतःची थोडी खरखर तयार करतं. सर्किटमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात, त्यातूनही हा आवाज येतो. लो-नॉइज अँप्लिफायर, म्हणजेच एलएनए, सिग्नल मोठा करताना स्वतःची खरखर कमीत कमी मिसळतो. त्याचं वैशिष्ट्य एवढंच.

याचा फायदा कुठे होतो, हे पाहायला गच्चीवर जा. डीटीएचच्या डिशसमोर जी छोटी डबी असते, तिला एलएनबी म्हणतात आणि तिच्यात एलएनए बसवलेला असतो. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. तो केबलमधून जाताना आणखी क्षीण होण्याआधीच मोठा करावा लागतो. बेल लॅबचे अभियंते हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये यामागचं गणित मांडलं. साखळीतला पहिला अँप्लिफायर जितका शांत, तितकी पुढची सगळी साखळी चांगली चालते.

मग शॉर्टवेव्हवर हेच का चालत नाही?

कारण डिश ज्या आकाशाकडे बघते, ते सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी जवळपास शांत असतं. तिथे खरखरीचा मोठा वाटा उपकरणाचा स्वतःचा असतो. शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ. इथे गोंगाट बाहेरूनच येतो. दूरवर पडणाऱ्या विजा, रस्त्यावरच्या विजेच्या तारा, शेजारच्या घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांचा तो गोंगाट असतो.

समजा, लग्नाच्या हॉलमध्ये बँजो जोरात वाजतोय आणि लांबून मावशी काहीतरी सांगतेय. तुम्ही ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन आवाज वाढवला. मावशीचा आवाज मोठा झाला, पण बँजोही तेवढाच मोठा झाला. ती काय म्हणाली, हे अजूनही कळत नाही. एलएनए नेमकं हेच करतो. अँटेनातून जे येतं ते सगळं तो सारखंच वाढवतो.

आकडे काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आपल्या 'पी.३७२' या शिफारशीत मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाची सूत्रं दिली आहेत. साध्या उष्णतेमुळे होणारी खरखर १ एकक धरली, तर १० मेगाहर्ट्झला अँटेनातून येणारा गोंगाट साधारण असा असतो:

• शहरी भाग: सुमारे ८० हजार एककं
• निवासी वस्ती: सुमारे ३० हजार
• ग्रामीण भाग: सुमारे ९ हजार
• अगदी शांत ग्रामीण भाग: सुमारे ३००

साधारण बऱ्या रेडिओची स्वतःची खरखर याच मापात १० ते ३० एककं भरते. उत्तम एलएनए ती २ वर आणू शकतो. म्हणजे निवासी वस्तीत एकूण गोंगाट ३० हजार ३० वरून ३० हजार २ वर आला. कानाला हा फरक कळणं शक्यच नाही.

पण तोच रेडिओ घेऊन वस्तीपासून दूर, शांत माळरानावर गेलात, तर ३० हजारांचे थेट ३०० होतात. म्हणजे तब्बल १०० पट फरक, तोही एक रुपयाचं यंत्र न घेता.

नुकसान काय होतं?

फायदा नाही, इथवर ठीक होतं. पण तोटाही होतो. संध्याकाळनंतर शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं दणकून येतात. जवळपास मीडियम वेव्हचं मोठं प्रक्षेपण केंद्र असेल, तर त्याचा सिग्नलही अँटेनात घुसतो. अँप्लिफायर हे सगळं वाढवून रेडिओच्या माथी मारतो आणि रेडिओला ते पेलत नाही. यालाच ओव्हरलोड म्हणतात. मग जिथे स्टेशन नाही तिथेही स्टेशन ऐकू येतं, एका आवाजात दुसरा मिसळतो.

काही पोर्टेबल रेडिओंवर 'लोकल' आणि 'डीएक्स' असं बटण असतं. मोठ्या अँटेनावर ते 'लोकल'कडे सरकवलं, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी केला, की कधीकधी आवाज चक्क स्वच्छ होतो. त्याचं कारण हेच.

मग एलएनए कधी घ्यावा?

एक सोपी चाचणी आहे. जिथे स्टेशन नाही अशा जागी रेडिओ लावा आणि बाहेरची अँटेना काढा. खरखर एकदम कमी झाली, तर तुमच्या रेडिओला बाहेरचा गोंगाट आधीच ऐकू येतोय. एलएनए घेऊन काही उपयोग नाही. अँटेना काढूनही खरखर तेवढीच राहिली, तर बाहेरून फारसं काही आत पोहोचतच नाहीये. तेव्हा आधी अँटेना आणि जोडणी तपासा. ती ठीक असेल, तर एलएनए उपयोगी पडू शकतो.

असं साधारण तीन ठिकाणी होतं. एक, अँटेना फारच लहान असेल तर, उदाहरणार्थ छोटी लूप अँटेना. दोन, अँटेना आणि रेडिओ यांच्यात लांबलचक केबल असेल तर. अशा वेळी एलएनए अँटेनापाशी लावावा, रेडिओपाशी नाही. तीन, शांत ठिकाणी २० ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकायचं असेल तर. आणि एलएनए लावलाच, तर त्याला मोबाइलच्या चार्जरवर चालवू नका. तो चार्जरच खरखर ओततो. बॅटरी वापरा आणि मीडियम वेव्ह अडवणारा फिल्टर आधी लावा.

खरखर कमी कशी करायची?

रेडिओ बॅटरीवर लावा आणि दोन मिनिटं घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली, तर चोर घरातच आहे. मग एकेक दिवा, एकेक चार्जर चालू करत तो शोधा.

अँटेनाची तार घरापासून आणि विजेच्या तारांपासून जमेल तेवढी दूर न्या. केबलवर फेराइटची कडी बसवा. लूप अँटेना असेल तर ती फिरवून पाहा, एका विशिष्ट दिशेला गोंगाट बराच दबतो. मात्र विजा चमकत असताना बाहेरची अँटेना वापरू नका. वादळ येण्याआधीच ती काढून ठेवा.

या खरखरीनेच एक शोध लावला

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला एक काम दिलं. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, ते शोधायचं. त्याचे वरिष्ठ होते तेच हॅराल्ड फ्रिस. जान्स्कीने २०.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे शॉर्टवेव्हवरच, फिरती अँटेना लावली. जवळच्या आणि दूरच्या वादळांचा आवाज त्याने ओळखला. तरी एक सरसर उरलीच. ती येत होती आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून, धनु राशीच्या दिशेने. १९३३ मध्ये हे जगाला कळलं आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला.

त्याच शास्त्राची एक मोठी वेधशाळा आज पुणे जिल्ह्यात खोडदजवळ उभी आहे. जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशवर उत्तम एलएनए बसवलेले आहेत. तरीही ही जागा निवडताना एक गोष्ट आवर्जून पाहिली गेली, ती म्हणजे तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे.

खोडदला आधी जागा निवडली गेली, अँप्लिफायर नंतर आले. ऑनलाइन ऑर्डर देण्याआधी रेडिओ आणि दहा मीटर वायर घेऊन एक संध्याकाळ गावाबाहेरच्या माळावर घालवून पाहायला हरकत नाही.